बिनागोळीचा चहा

दिनू गेल्याचं मला पांढरकवड्याच्या कोर्टात कळलं. बांधाच्या भांडणातल्या एका साक्षीदाराची मी उलटतपासणी घेत होतो आणि खिशातला मोबाइल सारखा थरथरत होता. बाहेर येऊन पाहिलं तर शकुताईंचा नंबर. शकुताई म्हणजे दिनूची थोरली बहीण. त्या कोणाला उगाच फोन करत नाहीत. घाटंजीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली आणि दुसऱ्यांचे फोन जोडून देता देता स्वतःच्या फोनची हौस फिटून गेली. "दिनू गेला," त्या म्हणाल्या. "सकाळी चहा केला, मले दिला, आपला कप घेऊन खुर्चीत बसला अन्... तसाच राह्यला. तुहं काम आटोपून ये. आता कायची घाई." मी आत गेलो आणि उरलेले प्रश्न विचारले. अशा वेळी पायाखालची जमीन सरकते वगैरे दिनू लिहीत असे, तेही सुरुवातीच्या नाटकांत. पुढे त्यानं ते सोडून दिलं होतं. माझ्या पायाखालची कोर्टाची फरशी होती तिथंच होती. फक्त साक्षीदार काय उत्तरं देतो आहे ते मला ऐकू येत नव्हतं, आणि ते लक्षात आल्यावर मी खाली बसलो.

दोन दिवसांनी पेपरात बातमी आली, फोटोसकट. 'पाण्याची वेळ' या लोकप्रिय मालिकेचे लेखक घाटंजी इथं निवर्तले, मालिका संपेपर्यंत ते घरी बसून तिचं लेखन करत होते, असं त्यात होतं. फोटो त्याचाच होता, गावही बरोबर होतं. लेखनाचं मात्र खोटं होतं. मी वकील माणूस, चुकीची नोंद कागदावर राहिली की मला जेवण गोड लागत नाही. आणि ही नोंद कोणा बातमीदाराच्या हलगर्जीपणातून झालेली नव्हती. ते खोटं दिनूनं स्वतः गावात पसरवलं होतं आणि त्याचा त्रास शकुताईंनी काढला होता. तो कसा काढला हे मला दिनू गेल्यावर कळलं. ते लिहायला शकुताईंनीच मला सांगितलं, म्हणून हा लेख.

दिनू आणि मी शाळेत एका बाकावर होतो. त्याची आई तो लहान असतानाच गेली. वडील तहसीलमध्ये कारकून, अबोल आणि सज्जन. शकुताई मॅट्रिक झाल्या आणि एक्स्चेंजमध्ये लागल्या. त्यांची ड्यूटी उजाडताच सुरू व्हायची. त्यामुळे घरातला सकाळचा चहा हा प्रश्न झाला. शकुताई स्वयंपाक उत्तम करत, अजूनही करतात, पण चहाशी त्यांचं काय वैर होतं देव जाणे. एकदा केला तेव्हा भांड्यासकट जळाला, दुसऱ्यांदा साखरेऐवजी मीठ पडलं. तेव्हापासून दिनूनं तो आपल्याकडे घेतला. शाळकरी पोरगा उठून चहा करायचा, बहीण उभ्या उभ्या प्यायची आणि सायकल काढायची. पुढे दिनू मुंबईला गेला तेव्हा त्या घरातला चहाच बंद झाला. वडील होते तोवर तहसीलच्या कँटीनमध्ये प्यायचे, शकुताई एक्स्चेंजसमोरच्या टपरीवर. घरी कोणी आलं तर लिंबाचं सरबत, नाहीतर गूळ-शेंगदाणे. चहापत्तीचा डबा फळीवर रिकामा असायचा आणि तो भरलेला दिसला की समजायचं, दिनू सुट्टीवर आला आहे. गल्लीतल्या बायका या गोष्टीवरून शकुताईंची पुष्कळ थट्टा करायच्या आणि त्या करू द्यायच्या.

नाटकाचं वेड त्याला कॉलेजात लागलं. तो लिहायचा, बसवायचा आणि आम्हाला ओढून न्यायचा. मुकुटबनला एकदा गणपतीत आमचं नाटक होतं. मी हवालदार होतो, कारण मला वाक्यं कमी होती. दुसऱ्या अंकात लाइट गेली आणि येईना. लोक उठायला लागले तसा दिनू विंगेतून पुढे आला आणि उरलेलं नाटक त्यानं अंधारात तोंडी सांगितलं, सगळ्यांचे आवाज काढून. नाटकातल्या थोरल्या बहिणीचा आवाज काढला तेव्हा आम्ही घाटंजीची पोरं हसून लोळलो, कारण तो हुबेहूब शकुताईंचा होता. मुकुटबनच्या लोकांना आम्ही का हसतोय ते कळलं नाही, पण तेही हसले. मला वाटतं दिनूनं आयुष्यभर एकच बाई लिहिली. नावं बदलली, कधी तिला आई केलं, कधी शेजारीण केलं, पण बोलायची ती शकुताईंसारखी.

'पाण्याची वेळ' आठवड्यातून एकदा लागायची. तालुक्याच्या गावातलं एक घर, लग्न न केलेली थोरली बहीण विमलताई, तिचे दोन भाऊ, एक भावजय आणि अंगणातला नळ. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं आणि घरात जे काही घडायचं ते बादल्या भरता भरता. भावजय रुसायची ती हंड्याआड, भावाला नोकरी लागल्याचं कळायचं तेव्हा विमलताईच्या हातात पाइप असायचा. चहा धाकटा भाऊ करायचा. कोणी मोठ्यानं बोलायचं नाही, कोणी कोणाला थोबाडीत मारायचं नाही. घाटंजीत ती मालिका लोक घरचा अल्बम पाहावा तशी पाहत. विमलताई फोन उचलला की 'हॅलो' म्हणत नसे, 'बोला' म्हणायची, आणि 'बोला' कोणाचं हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. बाजारात शकुताईंना लोक "काय विमलताई" अशी हाक मारायला लागले. "मी नाही बाप्पा तिच्याएवढी शहाणी," असं म्हणून त्या पुढे जायच्या, पण चाल बदललेली असायची. दिनूचा गावात सत्कार झाला, शाल आणि नारळ दिला, तेव्हा त्या मागच्या रांगेत बसल्या होत्या आणि शेजारच्या बाईला सारखं सांगत होत्या की याला लहानपणी अक्षर चांगलं नव्हतं.

मग ती वर्षं आली. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज बातम्यांत, आणि कारण एकच. कापसाच्या शेतांच्या कडेनं कॅमेरे घेऊन गाड्या हिंडायच्या. मालिका त्याच सुमारास रोजची झाली होती आणि चॅनेलच्या बैठकीत दिनूला सांगण्यात आलं की तुम्ही तर तिथलेच, तुमच्या गावात चाललंय ते आणा, एखादं विष पिणं दाखवा, आठवडाभर चालेल. दिनूनं एक भाग लिहून दिला. त्यात मागच्या गल्लीतल्या एका घरी तसं घडलेलं असतं. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी येतं, विमलताई आपल्या बादल्या बाजूला ठेवते, त्या घरी जाऊन त्यांचे हंडे उचलून आणते आणि आधी ते भरते. कोणी काही बोलत नाही. भाग संपतो. हे शकुताईंनी प्रत्यक्षात केलं होतं, आम्ही पाहिलं होतं. चॅनेलवाल्यांनी विचारलं, यात घडतंय काय? दिनूला ते पुढे समजावून सांगता आलं नाही, किंवा त्यानं सांगितलं नाही. महिन्याभरात नव्या लेखकांची टोळी आली आणि दिनूचं नाव 'मूळ कथा' या दोन शब्दांपुढे तेवढं उरलं.

हे सगळं त्यानं मला स्टँडसमोरच्या टपरीवर सांगितलं. नुकताच बसमधून उतरला होता, दोन बॅगा पायाशी होत्या. छातीचं दुखणं एकदा येऊन गेलेलं होतं, त्यामुळे रंग उतरला होता. "मले काढलं वकील. पण ताईले नोको सांगू. मी तिले सांगतलं, मुंबईची हवा मानवत नाही म्हणून आता घरूनच लिहीन." मी म्हटलं, अरे पण किती दिवस? "पाहू," तो म्हणाला. "तिनं साऱ्या गावाले सांगून ठेवलं आहे माझं. आता तिनं काय सांगत फिरायचं, भाऊ नापास झाला म्हणून?" पन्नाशीच्या माणसानं नापास हा शब्द वापरावा याचं मला हसू आलं होतं. त्याला आलं नाही.

तर दिनू घरी बसून 'लिहायला' लागला. चहा झाला की समोरच्या खोलीत खिडकीपाशी टेबल, टेबलावर कागद, हातात पेन. गल्लीतून जाणारे लोक आवाज खाली करायचे. "हळू बोल ना बे, दिनूभाऊ लिहून राह्यले." भाजीवाली त्या घराच्या अलीकडेच ओरडायची थांबायची आणि पलीकडे जाऊन पुन्हा सुरू करायची. आता रिकाम्या कागदासमोर बसून तरी किती बसणार! शेवटी मी त्याला माझे कोर्टातले अर्ज लिहायला दिले. त्या काळात माझ्या अर्जांची भाषा इतकी सुधारली की एका न्यायाधीशांनी मान वर करून विचारलं, वकीलसाहेब, हल्ली काय वाचता? एका घटस्फोटाच्या अर्जात तर नवऱ्याची बाजू वाचून बायकोचाच वकील हळवा झाला. दिनूला हे सांगितलं की तो खूश व्हायचा. माणसाला कोणीतरी वाचायला लागतं.

तिकडे मालिका मात्र हातातून जात होती. आधी नळ गेला. मग अंगण गेलं. विमलताईचं कुटुंब एका बंगल्यात राहायला गेलं, का गेलं ते कोणी सांगितलं नाही, आणि त्या बंगल्याला जिना होता. एकदा जिना आल्यावर त्यावरून कोणीतरी पडणं आलंच. माणसं सकाळी उठल्यापासून लग्नाला निघाल्यासारखी नटलेली. कोणी कोणाकडे पाहिलं की आभाळ गडगडायचं आणि तेच पाहणं तीन बाजूंनी दाखवायचे. धाकट्या भावाचा जुळा भाऊ निघाला. आमच्याकडे संध्याकाळ झाली की लोडशेडिंग, त्यामुळे गाव हे सगळं दुसऱ्या दिवशी दुपारी पाहायचं, आणि त्या बंगल्यात लाइट एकदाही जात नाही याचंच लोकांना जास्त नवल वाटायचं. नाव तेवढं तेच राहिलं, 'पाण्याची वेळ'. शकुताई रोज दुपारी खुर्ची ओढून बसत आणि सगळा भाग पाहत. दिनू तेव्हा आतल्या खोलीत पडून असायचा. एकदा मी तिथं असताना त्यांनी टीव्ही बंद केला आणि आत पाहून विचारलं, "दिनू, नळ कुठं गेला रे?" आतून आवाज आला, "आता नवीन घर दाखवलं ना, ताई." "बरं," त्या म्हणाल्या आणि गहू निवडायला बसल्या.

यापुढे जे झालं त्यासाठी दिनूच्या लग्नाबद्दल थोडं सांगायला हवं. त्याचं लग्न उशिरा झालं आणि टिकलं नाही. बायको चांगली होती. सुरुवातीचे काही महिने घाटंजीत राहिली, मग त्याच्याकडे मुंबईला गेली आणि तिथं काही वर्षांनी दोघं शांतपणे वेगळी झाली. कारणं त्या दोघांची होती. पण गल्लीला दोघांची कारणं पुरत नाहीत, तिला घरातली तिसरी बाई लागते. नणंदेनं संसार मोडला असं हळू आवाजात बोललं जायचं. विमलताई लोकप्रिय झाली तशी ती कुजबुज मागे पडली होती.

नव्या लेखकांना हे काहीच माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांना एक खलनायिका हवी होती आणि घरात बिनलग्नाची बाई रिकामी होती. एके दिवशी विमलताई बंगल्याच्या स्वयंपाकघरात गेली, आभाळ गडगडलं, तिनं भावजयीसाठी चहा केला आणि त्यात झोपेच्या गोळ्या चुरून टाकल्या. रोज थोड्या थोड्या. भावजय जिन्यावरून पडेपर्यंत हा प्रकार बरेच दिवस चालला.

घाटंजीनं यातून जे काढलं ते फक्त घाटंजीच काढू शकते. दिनूभाऊ घरी बसून लिहितात हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. विमलताई म्हणजे शकुताई हेही ठरलेलं होतं. तेव्हा भावानं इतक्या वर्षांनी का होईना, खरं काय ते लिहून टाकलं! "म्हणून ताई कोणाले चहा पाजत नाही," एक बाई पिठाच्या गिरणीवर म्हणाली, आणि ते वाक्य गावभर झालं. यात दुष्टपणा होता असं मी म्हणणार नाही. निम्मी थट्टाच होती. पण शकुताई गिरणीवर गेल्या की बोलणं थांबायचं, आणि दळण होईपर्यंत त्यांना एकटं उभं राहावं लागायचं. सरबत घ्यायला येणाऱ्या बायका हळूहळू 'आता नको, आत्ताच झालं' म्हणायला लागल्या. त्यांची एक जुनी मैत्रीण होती एक्स्चेंजमधली, तिनंही एकदा दारातूनच बोलणं आटोपलं. शकुताई कोणाला काही म्हणाल्या नाहीत.

मी दिनूला सांगून दमलो. ताईला सांग, तुला काढलंय म्हणून. तिला वाटत असेल की तूच तिच्याबद्दल हे लिहितो आहेस. मालिकेचं जाऊ दे, ज्या भावाला तिनं अंगाखांद्यावर वाढवलं त्याच्या मनात आपण अशा आहोत, हे घेऊन ती बाई रोज तुझ्या हातचा चहा पिते आहे. तो ऐकून घ्यायचा. "सांगतो," म्हणायचा. एकदा म्हणाला, "आज सकाळी सांगणारच होतो, पण तिनं कप घेतला अन् चांगला झाला म्हणाली... मग राहूनच गेलं." मी चिडलो. त्याचा तो भित्रेपणा मला तेव्हाही आवडला नव्हता आणि तो आता नाही म्हणून आज आवडतो असंही नाही.

आमच्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत असते. पण ती फुकट मिळत नाही. घरची बाई झाकलेला डबा कानाशी हलवून दाखवते आणि आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं. शकुताईंच्या घरची भुलाबाई गल्लीतली मोठी. स्वतःची लेक नाही, पण महिनाभर घर पोरींनी भरलेलं असायचं, आणि त्यांची खिरापत ओळखणं अवघड, कारण त्या डब्यात फडकं कोंबून आवाज फसवायच्या. त्या वर्षी त्या भुलाबाई बसवतात की नाही, अशी मला शंका होती. बसवली. पोरी आल्या, जरा कमी आल्या. त्यांच्या आया मात्र, एरवी येत नसत त्याही, दारापर्यंत आल्या आणि उभ्या राहिल्या.

मी आणि दिनू आतल्या खोलीत एका अर्जावर बसलो होतो. संध्याकाळचे दिवे गेलेले, बाहेर कंदील. गाणी झाली. डबा हलल्याचा आवाज आला. "गोड का तिखट?" पोरींनी विचारलं. "गोड," शकुताई म्हणाल्या. करंजी? नाही. शंकरपाळे? नाही. बुंदी? अनारसे? नाही, नाही. मग एक बारीक आवाज आला, सगळ्यात लहान पोरीचा असावा, अगदी आनंदानं ओरडलेला, "झोपेची गोळी!"

बायका हसल्या. आधी एक, मग सगळ्या. "चूप गं," असं तिची आई म्हणाली, पण तीही हसतच. मी दारातून पाहिलं. शकुताई डबा कानाशी धरून तशाच उभ्या होत्या, आणि चेहऱ्यावर पाहुण्यांसमोर ठेवतात तसं हसू. "नाही," त्या म्हणाल्या. "हरल्या का सगळ्या?"

दिनू उठला. मला वाटलं पाणी प्यायला चालला. तो सरळ बाहेर गेला आणि कंदिलाच्या उजेडात, पोरींच्या मधोमध उभा राहिला. "ते मी लिहीत नाही," तो म्हणाला. "मले त्यांनी काढून टाकलं, कधीचं. मी इथं नुसता बसून राहतो. तुम्हाले खोटं सांगतलं, ताईले बी खोटं सांगतलं. ताईनं कोणाचं वाईट केलं नाही. माझी बायको गेली ते माह्यामुळं गेली, ताईमुळं नाही." आवाज मोठा नव्हता. पाहणाऱ्याला दया यावी असं त्यात काही नव्हतं, अर्जातल्यासारखी एकामागून एक वाक्यं होती. मला इतकं बरं वाटलं की मी हातातला कागद चुरगळला.

आणि शकुताई खळखळून हसल्या. "पाहा बाई याचा नाटकीपणा!" त्या म्हणाल्या. "लहानपणापासून असाच आहे हा. चार माणसं दिसली का झालं सुरू याचं नाटक. उद्याचा भाग इथंच करून दाखवून राह्यला! जा रे, जा आत, पोरींले भूक लागली." सगळ्या बायका पुन्हा हसल्या, या वेळी दिनूकडे पाहून. शकुताईंनी डबा उघडला. खोबऱ्याच्या वड्या होत्या. गोळीवाल्या पोरीला त्यांनी दोन दिल्या. दिनू आत आला आणि माझ्यासमोर बसला. माझ्या हातातला चुरगळलेला कागद सरळ करत म्हणाला, "वकील, जन्मभर खोटं लिहिलं ते लोकांले खरं वाटलं. आज खरं बोललो, तर पाह्यलं ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज न्यायला मी गेलो तेव्हा त्या घरात चहा होत होता. दिनूनं कप शकुताईंच्या हातात दिला आणि म्हणाला, "बिनागोळीचा आहे." शकुताई म्हणाल्या, "पाहते," आणि प्यायल्या. मला त्या माणसाचा राग आला. काल एवढं झालं आणि आज ह्याला विनोद सुचतो! पण तो त्यांचा नेमच झाला. पुढे मी जेव्हा जेव्हा सकाळी गेलो तेव्हा हेच ऐकलं. बिनागोळीचा आहे. पाहते. गल्लीचंही हळूहळू निवळलं. काहींना त्या संध्याकाळचं नाटक वाटलं, काहींना अर्धंमुर्धं खरं वाटलं, पण ताईंनी नाटक म्हटल्यावर कोणी खोदून विचारलं नाही. पोरी महिनाभर येत राहिल्या. मालिकाही फार टिकली नाही. शेवटच्या भागात सगळ्यांनी सगळ्यांची माफी मागितली आणि जिन्यावर उभं राहून फोटो काढला. दिनू माझे अर्ज लिहीत राहिला, शेवटच्या आठवड्यापर्यंत.

तेरवी झाल्यावर, पाहुणे गेल्यावर, मी शकुताईंकडे गेलो. पेपरातल्या बातमीचं बोललो. म्हटलं, ताई, त्या दिवशी तो खरं सांगत होता. तुम्हाला कधी कळलं नाही याचं त्याला शेवटपर्यंत लागून राहिलं असेल. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी वकील आहे हे विसरलो.

"मले पह्यल्या दिवशीच समजलं होतं रमेश," त्या म्हणाल्या. "मुंबईचा एक फोन येत नव्हता त्याले. फोनचं मले शिकवता का तुम्ही? नळ गेला तेव्हा वाटलंच. अन् ती विमली चहा कराले गेली... तेव्हा खात्रीच झाली. मी चहा करते, असं दिनू कायले लिहीन?"

आम्ही सगळ्यांनी तो चहा पाहिला होता. गल्लीनं त्यावर विनोद केला होता. या घरात चहा कोण करतो हे मी शाळेपासून पाहत होतो. मग तुम्ही बोलला का नाही, मी विचारलं. गिरणीवर उभ्या राहिलात, मैत्रीण तुटली...

"बोलले असते तर त्याले रोज सकाळी माझ्यासमोर मान खाली घालून चहा करावा लागला असता," त्या म्हणाल्या. "आणि त्या दिवशी चार बायांसमोर त्यानं स्वतःले उघडं करून घेतलं. माझ्यासाठी. मले नाही पाहवलं ते. म्हणून म्हटलं नाटक." पुढे म्हणाल्या, "त्याले माहीत होतं, मले माहीत आहे ते. नाहीतर रोज सकाळी काय सांगत होता तो मले? आता लिही तू. आता कोणाले मान खाली घालायची नाही."

मग त्या उठून आत गेल्या. भांड्याचा आवाज आला. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. फळीवरच्या डब्यात दिनूनं आणलेली चहापत्ती अर्धी उरली होती, ती टाकवली नाही, असं त्या आतून म्हणाल्या. बऱ्याच वेळानं कप आला. रंग धड तांबडा नाही, धड पांढरा नाही, वर सायीचे तुकडे. त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "घे. बिनागोळीचा आहे."

"पाहतो," मी म्हटलं आणि घोट घेतला. साखर बहुतेक टाकायचीच राहिली होती. त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. "खरं सांग," त्या म्हणाल्या. मी खरं सांगितलं. म्हटलं, ताई, फार वाईट झालाय.

"त्या विमलीले बरा जमत होता," शकुताई म्हणाल्या. त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू आलं. दिनू गेल्यानंतर त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहत होतो. खिडकीपाशी त्याची खुर्ची होती. मी सगळा कप संपवला.